शिकाऊ मास्तर आणि खरी शाळा

सुताराचा मुलगा टाकाऊ फळीवर रंधा चालवून शिकतो. शिंप्याचा मुलगा चिंध्यांवर टाके घालून हात बसवितो. कुंभाराचें पहिलें मडकें बिघडलें तर तो माती पुन्हा कालवितो. शिक्षकाच्या धंद्याला मात्र ही सवलत नाहीं. त्याला टाकाऊ मूल मिळत नाहीं, आणि मिळूं नये. ज्याला शिकविण्याची कला अद्याप साधलेली नाहीं, त्यानें ती कोणत्या तरी जिवंत मुलाच्या संगतीनेंच साधली पाहिजे. आणि त्या मुलाच्या आयुष्यांत इयत्ता दुसरी ही एकदांच येते. हा पेंच शिक्षकांच्या प्रशिक्षणाइतकाच जुना आहे. तो आपल्या मुलखांत निरनिराळ्या काळीं लोकांनीं कसा सोडविला, किंवा सोडविल्यासारखा केला, याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. सांगणारा कोणी विद्वान नव्हे. यवतमाळ जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांवर उभी हयात घालवून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक मास्तर आहे.

पूर्वीं पंतोजीच्या ओसरीवर शिक्षक तयार करण्याची निराळी सोय नव्हती. मोठीं मुलें धाकट्यांकडून धूळपाटीवर अक्षरें गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत, आणि त्यांतलाच एखादा पुढें स्वतः पंतोजी होई. अशाच प्रकारची रीत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेंत चालविली, १७९७ सालीं तिजवर पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि इंग्लंडांत ती ‘मद्रास पद्धति’ म्हणून गाजली. तिचा गुण असा कीं, शिकवितां शिकवितां शिकणें तींत सहज घडे. दोष असा कीं, जुन्या चुकाही तितक्याच सहज पुढच्या पिढीकडे जात.

मुंबई इलाख्यांत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मराठी क्रमिक पुस्तकें तयार होऊं लागलीं, तेव्हांच हीं पुस्तकें शिकविणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्यासाठीं मुंबईस निवडक तरुणांना तयार करून १८२६ च्या सुमारास इलाख्यांतील निरनिराळ्या ठिकाणीं शाळा काढावयास पाठविण्यांत आलें. पुढें १८४५ सालीं मुंबईंत शिक्षकांचा नॉर्मल वर्ग निघाला व त्याचें संचालन बाळशास्त्री जांभेकर यांजकडे आलें. परंतु दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं, १८४६ सालीं, बाळशास्त्री वारले. याच सुमारास पुण्यांत १८४८ सालीं मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. तींतला एक भाग मात्र आपण घाईनें ओलांडून जातों. सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचें रीतसर शिक्षण घेतलें होतें. शिकविण्यासाठीं आधीं शिकावें लागतें, केवळ कळकळ पुरत नाहीं, हें त्या दांपत्यानें ओळखलें होतें.

१८५४ सालीं चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला. त्यांत शिकाऊ शिक्षकांना वेतन देऊन शाळांतून तयार करावें व त्यांच्यासाठीं नॉर्मल स्कुलें काढावीं, असें सुचविलेलें होतें. तेथपासून ‘नॉर्मल पास’ हा शब्द आपल्या भाषेंत रुळला. नॉर्मल स्कुलाला जोडून एक सराव शाळा असे. तिच्यांत शिकाऊ मास्तर पाळीपाळीनें पाठ घेत, आणि वर्गाच्या मागच्या बाजूस बसलेले गुरुजी वहींत टिपणें करीत. सरावाच्या पाठाची ही मूर्ति तेव्हां जी घडली, ती शंभर वर्षांहून अधिक काळ फारशी बदलली नाहीं.

तिच्याविषयीं पहिला खोल विचार एका बिगरसरकारी माणसानें मांडला. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं प्राथमिक शाळांच्या शिक्षकांविषयीं स्पष्ट म्हटलें कीं, ते शिकविण्याच्या कामांत तयार झालेले असावेत, शक्य तों शेतकरी वर्गांतून यावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हातीं धरण्यास त्यांना लाज वाटूं नये, आणि खालच्या समजल्या जाणाऱ्या लोकांत त्यांना सहज मिसळतां यावें. त्यांच्या अभ्यासक्रमांत शेतकी व आरोग्य यांचें प्राथमिक ज्ञान असावें, असेंही त्यांनीं सुचविलें. आज ज्याला आपण शिक्षकाचें समाजांतील कार्य म्हणतों, त्याचें बीज या चार वाक्यांत आहे. शिक्षकाची परीक्षा वर्गांतच संपत नाहीं, तो गांवांत कसा वावरतो तेथें ती पुरी होते, हें जोतीरावांना दिसलें होतें. पण सरकारला तें दिसण्यास पुष्कळ वर्षें लागलीं.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. वऱ्हाड प्रांत निजामाकडून १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आला व १९०३ सालीं मध्यप्रांताला जोडला गेला. आज ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतात तो तेव्हां वणी जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेंत त्याला यवतमाळ हें नांव मिळालें व पुसद तालुका त्याला जोडण्यांत आला. कापूस, सागवान आणि काळी जमीन यांचा हा जिल्हा. पण शिक्षकाच्या दृष्टीनें त्याचें खरें वैशिष्ट्य निराळें आहे. येथें पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूंस बंजाऱ्यांचे तांडे आहेत, त्यांची बोली निराळी. केळापूर, झरी, मारेगांव, घाटंजी या बाजूंस कोलामांचे पोड आणि गोंडांचीं गांवें आहेत. त्यांच्या कोलामी व गोंडी या भाषा तर मराठीच्या कुळांतल्याही नव्हेत, त्या द्राविड कुळांतल्या. नॉर्मल पास झालेला मास्तर पुण्याच्या पुस्तकांतली मराठी घेऊन अशा पोडावर उभा राहिला म्हणजे काय होतें, हें कोणत्याही सराव शाळेंत कळण्यासारखें नव्हतें.

सराव शाळेंतील पाठाला पुढें शास्त्राचाही आधार मिळाला. हर्बार्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याच्या विचारांतून त्याच्या अनुयायांनीं पाठाच्या पांच पायऱ्या बसविल्या, त्याच आपल्याकडे हर्बार्टची पंचपदी म्हणून प्रसिद्ध आहेत. प्रस्तावना करावी, नवा विषय मांडावा, तुलना करावी, नियम काढावा, मग त्याचा उपयोग करून पाहावा. ही पंचपदी मुळांत वाईट नाहीं. नव्या शिक्षकाला ती काठीसारखी उपयोगी पडते. पण काठी हेंच चालणें, असें समजण्याची चूक झाली. पाठाचें टाचण कोरें नसावें, फलकलेखन सुबक असावें, तक्ते रंगीत असावेत आणि चाळीस मिनिटांत पांचही पायऱ्या चढून व्हाव्यात, एवढ्यावर गुण मिळूं लागले. मुलांना काय कळलें, हा प्रश्न मागें पडला.

या चाकोरीला पहिला मोठा धक्का आमच्या शेजारींच बसला. वर्धा नदीच्या पलीकडे, वर्धा शहरांत, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. मुलांनीं हातानें कांहीं उत्पादक काम करावें व त्या कामाच्या अनुषंगानें गणित, भूगोल, भाषा शिकावी, ही कल्पना बहुतेकांस ठाऊक आहे. पण समितीनें शिक्षकांच्या तयारीचाही तितकाच कसून विचार केला होता. तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आणि तांतडीच्या गरजेसाठीं एक वर्षाचा लहान अभ्यासक्रम तिनें सुचविला. रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेखालीं १९३८ सालीं वर्ध्यास शिक्षकांचें प्रशिक्षण सुरू झालें, आणि सेवाग्रामास आर्यनायकम् दांपत्यानें हिंदुस्थानी तालीमी संघाचें काम उभारलें. तेथें शिकाऊ शिक्षक एकत्र राहात, सूत कातीत, स्वयंपाक व सफाई स्वतः करीत. पाठ घेणें हें त्या जीवनाचें एक अंग होतें, सोहळा नव्हता.

कापसाच्या जिल्ह्यांत टकळी रुजावयास हवी होती. ती फारशी रुजली नाहीं, आणि याचें कारण केवळ सरकारची उदासीनता नव्हे. १९३९ सालीं काँग्रेस मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले व योजनेचा आधार गेला, हें खरें. पण ज्या शेतकऱ्याचें मूल दिवाळीनंतर दिवसभर कापूस वेंचीत असे, त्याला तें मूल शाळेंत पुन्हा कापसाशींच बसावें हें रुचलें नाहीं. शाळेंतून त्याला कारकून किंवा मास्तर झालेला मुलगा हवा होता. शिवाय सुताच्या गुंडींतून गणित काढून दाखविणें, ज्याला समवाय म्हणत, तें फार थोड्या शिक्षकांना साधलें. बाकीच्यांच्या हातीं टकळी एका तासाला आणि पुस्तक दुसऱ्या तासाला, अशी विभागणी झाली. तरीही एक गोष्ट त्या प्रयोगानें कायमची दाखवून दिली. शिक्षक तयार करावयाचा तर त्याला समाजांत राहावयास लाविलें पाहिजे.

दुसरा प्रयोग आमच्या दक्षिण सीमेपलीकडे, पैनगंगेच्या पार, तेव्हांच्या निजामी राज्यांतील आदिलाबाद जिल्ह्यांत झाला. त्याचें नांव आमच्याकडे फारसें कोणी घेत नाहीं. १९४० सालीं कुमरम भीम यांच्या नेतृत्वाखालीं गोंडांचा उठाव झाला व तो मोडला गेला. त्यानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ मारलवाई नांवाच्या गोंड खेड्यांत जाऊन राहिले. त्यांच्या प्रेरणेनें १९४३ सालीं तेथें गोंडांसाठीं शिक्षणाची योजना निघाली. बाहेरचा मास्तर आणून त्याला गोंडी शिकविण्याऐवजीं थोडीबहुत मराठी अक्षरओळख असलेले गोंड तरुणच निवडले, त्यांना त्याच खेड्यांत शिक्षक म्हणून तयार केलें, आणि देवनागरी लिपींत गोंडी वाचनपुस्तकें दिलीं. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हे त्या भागांत अधिकारी होते. त्यांनीं गोंडी व कोलामी भाषांचा अभ्यास केला. नॉर्मल स्कूल शहरांत आणि शिक्षक खेड्यांत, हा क्रम मारलवाईनें उलटा केला. प्रशिक्षणच खेड्यांत नेलें.

हीं दोन उदाहरणें मला पुस्तकांतून फार उशिरां कळलीं. त्यांतलें तथ्य मात्र मला तरुणपणींच कळलें, तेंही फजीत होऊन. ती हकीकत सांगतों.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी अध्यापक विद्यालयांत शिकत होतों. दोन आठवडे एका खेड्यांतील शाळेंत राहून पाठ घ्यावेत, असा तेव्हां आमचा कार्यक्रम होता. मला मिळालेली शाळा एका कोलाम पोडाच्या कडेला होती. दुसरीच्या वर्गाला ‘आपलें घर’ हा पाठ मीं तयार केला. कौलारू घराचा मोठा तक्ता रात्र जागवून रंगविला. तुळई, खिडकी, माजघर, सर्वांचीं नांवें लिहिलीं. त्या दिवशीं परीक्षक आले होते. मीं पंचपदीच्या पांचही पायऱ्या घड्याळाच्या कांट्यावर पार केल्या. मुलें एकटक पाहात हातांची घडी घालून बसलीं होतीं. प्रश्न विचारला कीं खालीं पाहात. मग उत्तर मीच देत होतों व तीं माझ्यामागून म्हणत होतीं. पाठ संपला. माझ्या वहींत शेरा पडला, “वर्गनियंत्रण उत्तम.” मी हवेंत तरंगत बाहेर आलों.

शाळेचे गुरुजी वयस्क होते, वऱ्हाडी बोलत. त्यांनीं मला चहा दिला आणि हळूच म्हणाले, “मास्तर, पोट्टे गप बसले म्हणजे शिकले, असं नसते बाप्पा. त्यायले तुमचं बोलनं समजलंच नाही.” मग त्यांनीं चौथींतल्या एका मुलीला हांक मारली आणि माझाच प्रश्न तिला तिच्या भाषेंत दुसरीच्या मुलांना विचारावयास सांगितलें. वर्ग एकदम बोलूं लागला. कोणी उठून कुडाच्या भिंतीकडे बोट दाखविलें, कोणी छपराचें गवत कोठून आणतात तें हातवारे करून सांगूं लागला. माजघर त्यांतल्या एकाच्याही घरांत नव्हतें. मी ज्याला शिस्त समजलों, ती त्यांची अडचण होती. आणि परीक्षकांनीं तिलाच गुण दिले होते.

राहिलेल्या दिवसांत मी पाठ कमी घेतले व गुरुजींच्या मागें अधिक हिंडलों. वेंचणीचे दिवस होते. सकाळीं पटावर तीस नांवें आणि वर्गांत अकरा मुलें. गुरुजी रागावत नसत. संध्याकाळीं दिवेलागणीला ते पोडावर जात, अंगणांत बसत, कापसाच्या भावाची चौकशी करीत, आणि उठतां उठतां म्हणत, “उद्या अर्धा दिवस तरी पाठवजो.” दुसऱ्या दिवशीं चारपांच मुलें वाढत. हजेरी वाढविण्याचा हा पाठ कोणत्याही टाचणांत बसत नाहीं. त्याला प्रस्तावना म्हणजे अंगणांत बसणें आणि उपयोजन म्हणजे दुसऱ्या दिवसाची हजेरी. पुढें सुमारें चाळीस वर्षें मीं जें कांहीं शिकविलें, त्यांतलें निम्में त्या दोन आठवड्यांतलें आहे.

पण शिकलेलें माणूस विसरतो, हेंही मला कबूल केलें पाहिजे. पुढें मी मुख्याध्यापक झालों. दरवर्षीं छात्राध्यापक आमच्या शाळेंत येऊं लागले. तेव्हां दोन शिक्षक रजेवर, तिसरा जनगणनेच्या नाहींतर निवडणुकीच्या कामावर, अशी नेहमींची ओढाताण. मीं त्या पोरांना मोकळे वर्ग सांभाळावयास बसविलें, पटाच्या नोंदी करावयास लाविलें, शालेय पोषण आहाराचे हिशेब उतरून काढावयास दिले. एके दिवशीं त्यांतली एक मुलगी नम्रपणें पण स्पष्ट म्हणाली, “सर, आम्ही येथें शिकायला आलो आहोत कीं लिहायला?” मला उत्तर सुचलें नाहीं. वर्षानुवर्षें परीक्षकांना नांवें ठेवणारा मी, स्वतः त्यांच्याहून कांहीं निराळा वागलों नव्हतों. त्या वर्षापासून मीं एवढेंच ठरविलें कीं, आलेल्या प्रत्येक छात्राध्यापकाला एकच वर्ग सलग द्यावयाचा, त्या वर्गांतलीं मागें पडलेलीं दोन मुलें नांवानिशीं त्याच्या हवालीं करावयाचीं, आणि आठवड्यांतून एकदां त्याला त्यांच्या घरीं पाठवावयाचें. कारकुनी कामें माझीं मीं करावयाचीं.

आतां सरकारी इतिहासाचा राहिलेला धागा पुरा करतों. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें, शिक्षक तयार करणाऱ्या संस्था प्रत्यक्ष शाळांपासून तुटून पडल्या आहेत, असें स्पष्ट सांगितलें. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणांतून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या, तशी यवतमाळलाही झाली. १९९३ च्या कायद्यानें राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला अधिकार मिळाले. पण नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या राज्यांत खाजगी अध्यापक विद्यालयांचें इतकें पीक आलें कीं, २९१ विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यांतून न्यायमूर्ति जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ सालीं आलेल्या त्याच्या अहवालानें डोळे उघडले. त्यानंतर परिषदेच्या २०१४ च्या नियमांनीं शाळेंतील प्रत्यक्ष कार्याचा काळ वीस आठवड्यांचा केला. त्याला आतां आंतरवासिता असें भारदस्त नांव आहे. आमच्या दोन आठवड्यांच्या जागीं वीस आठवडे आले, ही प्रगति लहान नव्हे.

परंतु, श्रोतेहो, आठवडे मोजणें सोपें आहे. वीस आठवड्यांत दहा शाळा बदलल्या, तर तें प्रवासवर्णन होईल. प्रशिक्षण संस्थेजवळच्या त्याच त्या शाळेंत दरवर्षीं नवी टोळी पाठविली, तर तेथील मुलें पाठालाच सरावतात. पाहुण्या शिक्षकाला कोणतें उत्तर हवें आहे, हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावयास तीं शिकतात, आणि त्यांचा खरा अभ्यास मागें राहतो. सरावाचें ओझें नेहमीं गरिबाच्याच मुलानें वाहावें, हेंही न्यायाचें नव्हे. आणि ज्या पोडाला व तांड्याला एका जादा शिक्षकाची खरोखर गरज आहे, तेथवर रस्ता वाईट म्हणून कोणी पोंचूं नये, हें तर त्याहून अन्यायाचें.

माझ्या अल्प अनुभवावरून मला तीन गोष्टी सुचतात. छात्राध्यापकाचा निदान अर्धा काळ एकाच शाळेंत, एकाच वर्गाबरोबर जावा. या जिल्ह्यांत तरी त्यांतले कांहीं आठवडे वेंचणीच्या हंगामांत तांड्यावर किंवा पोडावर जावेत, म्हणजे रिकामा वर्ग कां रिकामा आहे, तें त्याला कळेल. आणि ज्या गुरुजींच्या वर्गांत तो राहतो, त्यांच्या मताला परीक्षकाच्या एका भेटीपेक्षां अधिक किंमत असावी.

आपणां शहरांतील पालकांनाही एक विनंति आहे. आपल्या मुलाच्या वर्गांत एखादे दिवशीं शिकाऊ शिक्षक आला, तर “आतां अभ्यास बुडणार” म्हणून मुख्याध्यापकांकडे धांव घेऊं नका. संध्याकाळीं मुलाला एवढेंच विचारा, नव्या सरांनीं तुला कांहीं विचारलें का, आणि तूं काय सांगितलेंस? मुलानें सांगण्यासारखें कांहीं सांगितलें असेल, तर तो तरुण योग्य वाटेवर आहे. आणि मूल म्हणालें कीं आम्ही सगळे अगदीं गप्प बसलों होतों, तर मात्र त्या तरुणाला कोणी तरी जवळ बसवून, चहा देऊन, दोन गोष्टी सांगावयास हव्यात. मला त्या सांगणारा भेटला होता.